नेच्याच्या झाडातले अन्न



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राजकारणापासून संतवाङ्मयापर्यंत सारे विषय येऊन जातात. त्या मानाने नेचा हा विषय फारच खालच्या मजल्यावरचा वाटेल. नेचा आपल्या ओळखीचा आहे तो विहिरीच्या आतल्या दगडांत उगवणारा हंसराज म्हणून, पावसाळ्यात घाटाच्या भिंतीवर हिरवी झालर लावणारा म्हणून, किंवा लग्नातल्या पुष्पगुच्छात फुलांच्या मागे उभा असणारा मुका वऱ्हाडी म्हणून. त्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग त्याच्यावर तासभर बोलावयाचे काय?

परंतु ह्या कुळात काही नेचे असे आहेत की ते झाड होतात. माडासारखे सरळ खोड, वर हात पसरावेत तशी दहा-दहा फूट लांबीची पाने, आणि मध्यभागी शंखासारखे गुंडाळलेले कोवळे कोंब. ह्यांस आपण वृक्षनेचे म्हणू. ते पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. सातपुड्यात पचमढीच्या सावलीच्या, ओलसर दऱ्यांत ते आहेत. विदर्भातून महादेवाच्या आणि नागद्वाराच्या यात्रेला हजारो माणसे तिकडे जातात. केरळ-कर्नाटकाच्या घाटांत, आसामात, सिक्कीममध्येही ते आहेत. जगात त्यांच्या जाती शेकड्यांनी मोजाव्या लागतात, आणि बहुतेक साऱ्या उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ, धुकट प्रदेशातल्या आहेत.

ह्या झाडाच्या पोटात माणसाचे अन्न असते. त्या अन्नाची हकीगत सांगावी, एवढाच आजचा बेत आहे. ही हकीगत मुख्यतः पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर घडते. पण ऐकताना आपणांस घरच्या पुष्कळ गोष्टी आठवतील, अशी माझी समजूत आहे.

प्रथम हे अन्न असते कोठे, ते पाहू. आंब्याचे झाड आपल्याला फळ देते, ज्वारी दाणा देते. नेचा ह्यांपैकी काहीच देऊ शकत नाही. त्याची संतती पानांच्या पाठीवरच्या धुळीसारख्या बारीक बीजुकांतून होते, आणि त्या धुळीने कोणाचे पोट भरत नाही. तेव्हा खाण्यासारख्या जागा दोनच. एक म्हणजे शेंड्याचे कोवळे कोंब, आणि दुसरी म्हणजे खोडाचा गाभा.

वृक्षनेच्याचे खोड बाहेरून मांडीएवढे जाड दिसते, पण ते दिसणे फसवे आहे. त्यातला बराच भाग म्हणजे काळ्या, राठ मुळ्यांचे एकावर एक चढलेले वेष्टन असते. खरे खोड त्याच्या आत असते, आणि त्याच्याही आत मऊ, पांढरा, ओलसर भेंडाचा गाभा. ह्या गाभ्यात झाड आपली शिल्लक पिठाच्या रूपाने साठवून ठेवते. सागवानासारखे ह्याचे लाकूड वर्षावर्षाला वाढत नाही, त्यामुळे वय सांगणारी वलये त्यात नाहीत. वाढ होते ती फक्त शेंड्याकडून, आणि तीही वर्षाला काही सेंटिमीटर. माणसाच्या उंचीचे खोड व्हावयास माणसांची एक पिढी तरी सरते.

खोडात पीठ असते ही कल्पना आपल्याला विचित्र वाटू नये. आषाढी एकादशीला आपण साबुदाणा खातो. आपल्या ताटातला साबुदाणा आज तामिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदांपासून होतो खरा, पण मूळचा साबुदाणा हा इंडोनेशिया-न्यू गिनीकडच्या सागो ताडाच्या खोडातल्या गाभ्याचा. तो ताड आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, आणि त्या एका फुलोऱ्यासाठी खोडात पीठ भरून ठेवतो. लोक फुलोऱ्याच्या आधी त्याला तोडतात. बुंध्याशी त्याची पिले उभीच असतात, तेव्हा केळीच्या बागेसारखा वंश चालू राहतो.

वृक्षनेच्याचे तसे नाही, आणि हा भेद आपण नीट ध्यानात घ्यावा. उसाला कांड्याकांड्यावर डोळा असतो. वृक्षनेच्याच्या बहुतेक जातींना डोळा एकच, तो शेंड्याला. गाभा खाण्यासाठी खोड फोडले, शेंडा काढून टाकला, की पंचवीस-पन्नास वर्षांचे झाड संपले. हे फळ नव्हे की पुढल्या वर्षी पुन्हा येईल. एका झाडाचे जेवण एकदाच होते.

असे असूनही जगात अनेक ठिकाणी लोकांनी हे जेवण केले आहे. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० ह्या काळात सिक्कीम-हिमालयात हिंडत होता. लेपचा लोक वृक्षनेच्याचा मऊ, पाणीदार गाभा खातात, हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदले आहे. न्यूझीलंडमधले माओरी लोक मामाकू नावाच्या काळ्या देठांच्या वृक्षनेच्याचा गाभा जमिनीतल्या भट्टीत दीर्घकाळ भाजून खात. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत बरोबर असलेल्या गेऑर्ग फॉर्स्टरने ह्याच झाडाला १७८६ साली शास्त्रीय नाव दिले, आणि त्या नावात गाभ्यासाठी असलेला लॅटिन शब्दच घातला. न्यू गिनीच्या डोंगरात आजही कोवळी पाने डुकराच्या मांसाबरोबर तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात शिजवतात.

आता हवाईकडे वळू. ही बेटे समुद्राच्या तळातून वर आलेल्या ज्वालामुखींची आहेत. सुमारे हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडून पॉलिनेशियन लोक होड्यांतून तेथे पोहोचले. येताना त्यांनी अळू, नीरफणस, केळी, ऊस, रताळी आणली, तशीच डुकरे, कुत्री आणि कोंबडीही आणली. अळूच्या कंदाची उकडून, कुटून केलेली पोई हे त्यांचे रोजचे जेवण. बेटावरच्या अरण्यात त्यांना जो वृक्षनेचा भेटला त्याला ते हापूऊ म्हणतात. नाव ऐकून हापूस आठवेल, पण नात्याचा काही संबंध नाही! ह्या वंशाचे शास्त्रीय नाव सिबोटियम, म्हणजे लहानशी पेटी. पानामागच्या बीजुकांच्या डब्या पेटीसारख्या दिसतात म्हणून ते पडले. हवाईतल्या ह्याच्या जाती जगात दुसरीकडे कोठेही आपोआप उगवत नाहीत.

हापूऊचे कोवळे कोंब लव खरवडून, बुळबुळीत चीक धुऊन, उकडून खात. खोडाचा गाभा शिजवावयाचा म्हणजे मोठेच काम. झाड पाडावयाचे, मुळ्यांचे वेष्टन तासून काढावयाचे, मग जमिनीत खड्डा खणून, दगड लाल होईतो तापवून, पानांनी झाकून तो गाभा भाजावयाचा. किलाउएया ज्वालामुखीच्या परिसरात जमिनीच्या भेगांतून वाफ निघते, तेथे ती वाफच चूल म्हणून वापरीत. एवढे करून हाती येते ते पिठूळ, बेताच्या चवीचे अन्न. घरी अळू असताना हा उद्योग कोण करील? अवर्षण पडले, लढाईत शेते उजाडली, वादळाने नीरफणस झोडपला, म्हणजे मग लोक अरण्याकडे वळत. एरवी हापूऊचा गाभा बहुधा डुकरांना घालीत.

म्हणजे हे अडीअडचणीचे कोठार होते. त्याला कुलूप होते ते कष्टांचे. आणि किल्ली होती ती माहितीची. कोणते झाड पाडावयाचे, किती भाजावयाचे, काय धुऊन टाकावयाचे, हे ठाऊक असणाऱ्यालाच ते उघडता येई.

ह्या गोष्टीशी आपला परिचय नाही असे नाही. आपल्याकडे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पाठोपाठ पडले. त्यानंतर १९०२ साली गॅमी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यात टंचाईच्या काळी लोक कोणकोणत्या वनस्पती खातात ह्याची एक नोंद प्रसिद्ध केली. त्याने झाडांना नावे दिली, पण झाडे खाण्यायोग्य करण्याची विद्या आधीपासून लोकांपाशी होती. कडू करांदा पाहा. तसाच खाल्ला तर तो बाधतो. डोंगरातल्या कातकरी-ठाकर बायका त्याच्या चकत्या करतात, उकडतात, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवतात, आणि मग तो ताटात येतो. आपल्या ठाणे-रायगडकडच्या बाजारात पहिल्या पावसाबरोबर शेवळे येतात. नुसते शिजवले तर घसा खवखवेल, म्हणून काकडाची आंबट फळे बरोबर घालावयाची असतात. भाजीवाली शेवळांच्या जुडीबरोबर काकडेही देते. आपण समजतो की ती वर काही फुकट देत आहे. खरे म्हणजे ती शेकडो वर्षांचा अनुभव देत असते.

हवाईत पुढे काय झाले, ते आता पाहू.

१७७८ साली कॅप्टन कुकची जहाजे तेथे आली, आणि त्यांच्या मागोमाग जगाचा बाजार आला. हापूऊच्या कोवळ्या देठांवर सोनेरी, रेशमासारखी लोकर असते. तिला पुलू म्हणतात. हवाईतले लोक ती जखमेवर बांधीत, मृतदेह जतन करण्यासाठी वापरीत. १८५१ च्या सुमारास कोणाच्या तरी ध्यानात आले की ह्या लोकरीने उशा आणि गाद्या भरता येतील. मग सान फ्रान्सिस्कोकडे जहाजे भरभरून पुलू जाऊ लागली. अरण्यात राहुट्या पडल्या, लोकर वाळवण्याच्या वखारी उभ्या राहिल्या. किलाउएयाजवळच्या अरण्यात अशा एका वखारीचे दगडी अवशेष अजून आहेत. लोकर काढण्यासाठी कित्येकदा झाडच आडवे करीत. काही वर्षांनी गिऱ्हाइकांस कळले की ही लोकर लवकरच कुटून तिची धूळ होते. १८८० नंतर तो धंदा बसला. १९२० च्या सुमारास गाभ्यातले पीठ यंत्राने काढून कपड्यांना खळ देण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी विकण्याचा प्रयत्न झाला. तोही टिकला नाही. मग मुळ्यांच्या वेष्टनाची पाळी आली. ऑर्किडची रोपे लावण्यास ते उत्तम, म्हणून देशोदेशी वृक्षनेचे तोडून त्यांच्या कुंड्या आणि फळ्या झाल्या. वन्य वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अंमलात आला. आपल्याकडचे वृक्षनेचे ज्या सायथिया वंशात मोडतात, त्या वंशाचा परदेश-व्यापार त्या कराराखाली परवान्याशिवाय करता येत नाही.

येथे एक हिशेब करून पाहावा. भुकेल्या माणसाने हे झाड शेकडो वर्षे खाल्ले आणि अरण्य उभे राहिले. उशीसाठी, खळीसाठी आणि कुंडीसाठी ते शेदीडशे वर्षे तोडले, तेव्हा त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. भूक पोट भरले की थांबते. बाजाराला पोट नसते, म्हणून त्याचे पुरे होत नाही.

परंतु ह्या झाडाच्या अन्नाची सर्वांत विलक्षण हकीगत पुढेच आहे. तिचा खलनायक माणूस नाही. निदान वरवर तरी नाही.

पॉलिनेशियन लोकांची डुकरे लहान चणीची होती. गोऱ्यांनी युरोपातली धिप्पाड डुकरे आणली, दोन्हींची संतती झाली, आणि ती रानात मोकाट सुटली. हापूऊच्या गाभ्यात पीठ आहे हे डुकराला कोणी शिकवावे लागत नाही. ते झाडाला धडक देऊन पाडते, खोडाची एक बाजू कुरतडते, आतला गाभा खाऊन टाकते आणि पुढे जाते. मागे काय उरते? बाहेरून टणक, आतून पोकळ असे आडवे खोड. गुरांना पाणी पाजण्याच्या डोणीसारखे. हवाईच्या डोंगरात पाऊस भरपूर. ती डोण पाण्याने भरते. आणि साचलेल्या पाण्यात काय होते, हे आपल्यापैकी कोणालाही सांगावयास नको. डास होतात.

हवाईत पूर्वी डास नव्हतेच. १८२६ च्या सुमारास एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून ते माउई बेटावर उतरले असे मानतात. पुढे बाहेरून आलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा हिवताप आला. तो माणसांस होत नाही. पण हवाईच्या अरण्यात हनीक्रीपर ह्या नावाने ओळखले जाणारे पक्षी होते, जगात दुसरीकडे कोठेही नसलेले. कोणाची चोच बाकदार, कोणाची पोपटासारखी, कोणाचा रंग शेंदरी, कोणाचा पिवळा. एकाच पूर्वजापासून पन्नासाहून अधिक जाती तेथे झाल्या होत्या. ह्या पक्ष्यांनी लाखो वर्षांत डास पाहिला नव्हता. त्यांच्या रक्तात हिवतापाशी झुंजण्याची शक्ती नव्हती. त्यांतल्या ईवी नावाच्या शेंदरी पक्ष्याला रोगी डास एकदा जरी चावला तरी तो बहुधा मरतो. आज ह्या कुळातल्या वीसाहून कमी जाती शिल्लक आहेत. अधिवासाचा नाश, उंदीर, मांजरे ही कारणेही आहेतच, पण डोंगरातल्या अरण्यात डासांचा वाटा मोठा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने हवाईतल्या पक्ष्यांच्या आठ जाती नामशेष झाल्याचे अधिकृतपणे जाहीर केले; त्यांतल्या बहुतेक हनीक्रीपर कुळातल्या होत्या.

साखळी कशी जुळली पाहा. झाडाच्या पोटात पीठ, पिठासाठी डुक्कर, डुकराने केलेली डोण, डोणीत डास, डासात हिवताप, हिवतापात पक्षी. झाडाने पीठ साठवले ते पक्ष्यांना मारण्यासाठी नव्हे. तेच झाड, तोच गाभा, माणसाने पोटाच्या गरजेपुरता, चुलीवर नेऊन खाल्ला तेव्हा ते अन्न होते. खाणारा बदलला, खाण्याची रीत बदलली, आणि त्याच अन्नाने अरण्य मुके होऊ लागले.

आणि डुकरालाही दोष कसा द्यावा? त्याला तेथे आणून सोडले कोणी?

आता तेथील लोक काय करीत आहेत, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर व्याख्यान अर्धवट राहील. हवाईच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात मैलोगणती कुंपणे घालून आतली डुकरे काढून टाकण्यात आली. कुंपणाच्या आत हापूऊ पुन्हा दाटीने वाढला. २०२३ च्या अखेरीपासून माउईच्या डोंगरात प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास सोडण्यात येत आहेत. नर चावत नाही, आणि ह्या नरांशी संग झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. डासांवर डास सोडण्याची ही युक्ती कितपत साधते, ते काळ ठरवील. हवा तापत असल्यामुळे डास डोंगरात वर वर चढत आहेत, तेव्हा वेळ थोडा आहे.

हापूऊच्या बाजूनेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वादळात हे झाड आडवे पडले आणि त्याचा गाभा कोणी खाल्ला नाही, तर ते मरतेच असे नाही. जमिनीवर टेकलेल्या खोडाला मुळ्या फुटतात, शेंडा हळूहळू वर वळतो आणि झाड पुन्हा उभे राहू लागते. त्याच्या मुळ्यांच्या ओल्या वेष्टनावर ओहिआ नावाच्या मोठ्या वृक्षाचे बी पडते आणि तेथेच रुजते. वर्षानुवर्षे नेचा त्याला अंगाखांद्यावर वाढवतो. पुढे ओहिआची मुळे जमिनीत पोहोचतात आणि त्याला लाल फुले येतात. त्या फुलांतला मध ईवी पितो. म्हणजे नेचा उभा राहिला तर पक्ष्याचे ताट भरते, आणि पोखरला गेला तर पक्ष्याचे मरण जन्माला येते.

श्रोतेहो, आपण शहरातली माणसे. आपल्याला ह्यातून घ्यावयाचे काय?

अलीकडे रानभाज्यांची हौस वाढली आहे. गावोगावी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. हे चांगलेच आहे. परंतु रानातले सारे निरुपद्रवी आणि पौष्टिक, अशी एक भाबडी समजूत त्याबरोबर पसरते आहे. तिच्यापासून सावध राहावे. नेच्याचेच उदाहरण घ्या. काही नेच्यांचे कोंब लोक आनंदाने खातात, आणि ब्रॅकन नावाच्या जगभर पसरलेल्या नेच्यात कर्करोगास कारण होणारे द्रव्य असल्याचे सिद्ध झाले आहे. तेव्हा पचमढीला गेलात तर वृक्षनेचा डोळे भरून पाहा, पण त्याची चव पाहण्याच्या भानगडीत पडू नका. त्याचे पीठ आपल्या पोटासाठी राखलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टंचाईचे अन्न म्हणजे केवळ वनस्पती नव्हे. वनस्पती, ती तयार करण्याची विद्या, आणि कोठे थांबावे ह्याचे भान, ह्या तिन्ही गोष्टी मिळून ते अन्न होते. बाजार त्यांतली पहिली गोष्ट तेवढी उचलतो. शेवळांची मागणी वाढली की कंदासकट उपटून आणणारेही निघतात, आणि मग पुढल्या पावसाळ्यात तेथे काही उगवत नाही. विद्या मात्र ज्या म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यात आहे त्यांच्याबरोबर नाहीशी होते. कारण त्यांच्या मुलींना वाटते की कडू करांदे उकडणे ही गरिबीची खूण आहे. १९७२ च्या दुष्काळात आपण सुकडी वाटून माणसे जगवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सरकारी गोदाम हे एकच कोठार नव्हे. डोंगरात दुसरे एक कोठार आहे, आणि त्याची किल्ली हरवत चालली आहे.

ती किल्ली जपणे हे काही वनस्पतिशास्त्रज्ञांचेच काम नाही. बाजारात शेवळे घेताना भाजीवालीला एवढेच विचारा : बाई, हे कोठून आणले, आणि कसे करायचे? ती सांगेल ते ऐका, घरी जाऊन लिहून ठेवा, आणि तिने दिलेली काकडे फेकून देऊ नका. कंदासकट आणलेले असेल तर घेऊ नका. गॅमीने १९०२ साली जे केले, ते आपल्या तालुक्यापुरते आपल्याच शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना करता येईल. त्यासाठी मोठ्या संस्थेची गरज नाही. एक वही आणि विचारण्याची नम्रता असली म्हणजे पुरे.